ठाण्यातील एकदिवसीय एचडीआर कार्यशाळा : तलावाकाठी उत्तम, संगणकासमोर घाईची

तलावपाळीवर संध्याकाळी काढलेल्या माझ्या छायाचित्रांत एक तर कोपिनेश्वराचे शिखर काळेठिक्कर पडते, नाही तर आकाश पांढरेफटक होते. ही तक्रार घेऊनच मी नौपाड्यातील एका छायाचित्रण वर्गाच्या एकदिवसीय कार्यशाळेला गेले. शुल्क २,२०० रुपये होते आणि आम्ही बाराजण होतो. कमी-अधिक प्रकाशाच्या अनेक चौकटी टिपून त्यांचे एकच छायाचित्र कसे करायचे, म्हणजेच ब्रॅकेटिंग करून एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, उजेड आणि अंधार दोन्ही सामावणारे चित्र) कसे साधायचे, एवढाच विषय होता आणि मार्गदर्शक त्यापासून दिवसभर ढळले नाहीत, ही पहिली जमेची बाजू.

सकाळच्या सत्रात त्यांनी कॅमेऱ्याच्या मेनूला हात लावण्याआधी आम्हाला मोजमाप करायला लावले. लेन्सचे छिद्र एफ/८ आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० कायम ठेवून, दृश्याच्या छोट्या भागाचाच प्रकाश मोजणाऱ्या स्पॉट मीटरने खिडकीबाहेरचा उन्हातला रस्ता मोजला, तेव्हा शटरचा वेग १/५०० सेकंद आला. खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटाचा कोपरा मोजला, तेव्हा १/२ सेकंद. दोहोंत आठ स्टॉपचे अंतर, आणि प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होत असल्यामुळे प्रत्यक्षात २५६ पटींचा फरक. आपले डोळे एकदा उजेडाला, एकदा अंधाराला जुळवून घेत दोन्ही पाहतात आणि म्हणून हा फरक आपल्याला जाणवतही नाही, हे त्या आकड्यामुळे जसे मनावर ठसले तसे नुसत्या व्याख्येने ठसले नसते. त्यानंतर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने १/५००, १/१२५, १/३०, १/८ आणि १/२ अशा पाच चौकटी आम्ही घेतल्या. माझा कॅमेरा एका वेळी तीनच चौकटींचे स्वयंचलित ब्रॅकेटिंग करतो आणि काही प्राथमिक कॅमेऱ्यांत तर ती सोयच नसते. अशांसाठी एम (मॅन्युअल) मोडवर जाऊन फक्त शटरची चकती फिरवायची रीत त्यांनी प्रत्येकाजवळ बसून शिकवली. बदलायचा तो शटर, छिद्र नव्हे, कारण छिद्र बदलले की स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली चौकटीगणिक बदलते आणि मग चित्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत.

मला सर्वांत भावला तो त्यांचा संयम. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, दोन्ही टोकांना आपटत नसेल तर ब्रॅकेटिंग करूच नका, रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातली एकच चौकट पुरेशी आहे, असे त्यांनी निक्षून सांगितले. एचडीआर शिकवायला बसलेल्या माणसाने ते कधी टाळावे हे आधी सांगावे, यातच त्यांच्या अनुभवाची खूण होती. एकोणिसाव्या शतकात, १८५०च्या दशकात, गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्र आणि आकाश यांच्या दोन वेगळ्या काचा (काचेवरच्या निगेटिव्ह) जोडून एकच चित्र छापले होते, कारण तेव्हाच्या काचा निळ्या रंगाला इतक्या संवेदनशील असत की आकाश हमखास जळून जाई, ही माहितीही ओघात आली.

संध्याकाळी आम्ही उपवन तलावावर गेलो. सूर्य येऊरच्या डोंगरामागे उतरला की आपल्याकडे तोंड केलेला उतार अंधारात जातो आणि वरचे आकाश मात्र उजळ राहते. सरावासाठी याहून चांगली जागा ठाण्यात मला तरी ठाऊक नाही. ट्रायपॉड, हाताने पक्का केलेला फोकस, ठरावीक व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळणी), दोन सेकंदांचा टायमर आणि लेन्समधील कंपनरोधक बंद, असा क्रम त्यांनी घोकून घेतला. १/६० ही मधली चौकट धरून १/२५० आणि १/१५ अशा दोन बाजूच्या चौकटी पुरल्या. काठावर फिरायला आलेले एक काका मात्र माझ्या तिन्ही चौकटींत तीन ठिकाणी उमटले. हलत्या वस्तूंची अशी भुते जोडलेल्या चित्रात शिरतात, हे मला त्यांच्यामुळे कळले.

तक्रार आहे ती शेवटच्या सत्राबद्दल. साडेसातला सभागृहात परतल्यावर बाराजणांच्या चित्रांची जोडणी एका तासात उरकण्यात आली, त्यातही निम्मा वेळ मेमरी कार्डांवरून फाइली उतरवण्यात गेला. टोन मॅपिंग म्हणजे जोडणीतून तयार झालेला प्रचंड प्रकाशविस्तार पडद्याला झेपेल इतका आवळणे, हे एका वाक्यात सांगून थेट तयार प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेल्या जुळण्या) वापरायला दिले गेले. परिणामी येऊरच्या कड्याला पांढरी झालर लागली, ढग काजळी धरल्यासारखे झाले आणि झाडांचा हिरवा रंग प्लास्टिकचा वाटू लागला. सकाळी संयम शिकवणाऱ्या वर्गाने संध्याकाळी असा भडकपणा चालवून घ्यावा, हे खटकले. भुते घालवण्याचा पर्याय कुठे असतो, हेही दाखवायचे राहून गेले.

घरी आल्यावर त्याच तीन चौकटी मी हगिन या चित्रे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत मिळणाऱ्या एनफ्यूज या मोफत साधनातून जोडल्या. त्यात टोन मॅपिंगची पायरीच नसते. प्रत्येक चौकटीतला नीट उजळलेला भाग घेऊन तो थेट मिसळला जातो. ही पद्धत २००७ साली मांडली गेली आणि नवशिक्याला ती अधिक सोपी, कारण बिघडवण्यासारखे त्यात फारसे काही हातात नसते. डोंगर डोंगरासारखा दिसला. काका मात्र अजून पुसटसे तिथेच आहेत.

कॅमेरा हाताळायला शिकायचे असेल तर या कार्यशाळेचे शुल्क वाजवी आहे. संगणकावरचे काम शिकण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्यांनी मात्र जोडणीसाठी स्वतंत्र दिवस ठेवणार आहात का, हे नाव नोंदवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. ट्रायपॉड स्वतःचा न्यावा, कारण वर्गाकडचे दोन ट्रायपॉड बाराजणांत फिरत होते आणि माझी पाळी येईपर्यंत आकाशातला उजेड निम्मा ओसरला होता.