टपाल कार्यालयातील पीपीएफ खाते: 11 वर्षांचा अनुभव

सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने हप्त्यावर गाडी घ्यावी, असा आग्रह सगळ्यांनी धरला, तेव्हा मी सिडकोतील घरापासून सायकलनेच कामावर जात राहिलो आणि वाचलेले हजार रुपये दरमहा टपाल कार्यालयातील सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजेच पीपीएफच्या, खात्यात भरू लागलो.

हे खाते वर्षाला किमान 500 रुपये भरून चालू ठेवता येते आणि कमाल मर्यादा दीड लाखांची आहे. महिन्याच्या 5 तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज मोजले जात असल्याने पैसे 5 तारखेच्या आत भरणे महत्त्वाचे आहे, आणि मी पगार होताच आधी तेच करतो. एप्रिल 2020 पासूनचा 7.1 टक्के दर कायम धरला, तर दरमहा हजार रुपयांचे 15 वर्षांत सुमारे 3 लाख 15 हजार होतात, त्यांपैकी भरलेली रक्कम केवळ 1 लाख 80 हजार असते. व्याज करमुक्त आहे. शिवाय कर्जवसुलीसाठी न्यायालयालाही या शिलकीवर जप्ती आणता येत नाही, ही बाब मला फार मोलाची वाटते.

उणीव एकच, पण मोठी आहे: पैसा दीर्घकाळ अडकतो आणि अंशतः काढण्याची मुभा सातव्या आर्थिक वर्षापासून मिळते. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आधी साध्या बचत खात्यात साठवावा, अन्यथा पहिल्याच आजारपणात सावकाराचे दार ठोठवावे लागेल.