वाळवंटात ८×४२ दुर्बीण: हिवाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

वाळवंटात अंतरं मोठी, आडोसा कमी आणि पक्षी लांबूनच उडून जातात. त्यामुळे १०× किंवा १२×, म्हणजे दहा-बारा पट मोठं दाखवणारी दुर्बीणच हवी असं बहुतेकांना वाटतं. ईडी (कडेची रंगीत किनार कमी करणाऱ्या) काचेची, नायट्रोजन भरलेली ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगांचा व्यास ४२ मिमी) हिवाळाभर शनिवार-रविवारच्या भटकंतीत वापरल्यावर माझं मत अगदी उलट झालं आहे. इथे नजर अडते ती थरथरणाऱ्या हवेमुळे, आणि त्यावर जास्त ताकदीची दुर्बीण हा उपाय नाही.

हिवाळ्यात हवा गार असली तरी निरभ्र आकाशातून ऊन थेट वाळूवर पडतं. सूर्य वर आला की दोन-तीन तासांत जमिनीलगतची हवा चांगलीच तापते, गरम-गार हवेतून येणारा प्रकाश सतत वळत राहतो आणि लांबचा पक्षी लहरल्यासारखा दिसतो. दुर्बीण ही थरथरही तितक्याच पटीने मोठी करते. १०× मधून पक्षी मोठा दिसतो, पिसांचा तपशील मात्र वाढत नाही. हाताचा कंप वाढतो तो वेगळाच. रणगोजा (व्हीटिअर) या जमिनीवरच्या लहान पक्ष्यांची ओळख तर शेपटीवर ठरते. डेझर्ट व्हीटिअरची शेपटी जवळपास बुडापर्यंत काळी, इझाबेलाइनची टोकाकडे रुंद काळी पट्टी आणि वर पांढरं. अकरा वाजता लांबून हे ८× मधूनही कळत नाही आणि १०× मधूनही नाही. सरळ जवळ जावं, नाहीतर सकाळी लवकर पाहावं. दुपारी जमिनीवरचे पक्षी सोडून झुडपांचे शेंडे, तारा आणि आकाशातले शिकारी पक्षी बघावेत. तिथे हवा त्यामानाने शांत असते.

गाडीतून पाहताना इंजिन बंद हवंच. गरम बॉनेटवरून कधीच पाहू नका, बाजूची खिडकी वापरा. हीटर चालू ठेवून काच उघडली तर ऊबदार हवा बाहेर पडताना खिडकीतच थरथर तयार होते आणि दोष दुर्बिणीच्या फोकसला दिला जातो. हीटर बंद करून काचा थोडा वेळ खाली ठेवल्या की चित्र स्थिर होतं.

पहाटे ८×४२ चा खरा फायदा दिसतो. ४२ भागिले ८, म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिमीचा, १०×४२ मध्ये तो ४.२ मिमी. झुंजुमुंजु होताना वाळूच्याच रंगाचा चंडोल खडकापासून वेगळा दिसतो तो या फरकामुळे. दृश्यक्षेत्र ८ अंशांचं, म्हणजे १००० मीटरवर सुमारे १४० मीटर. पाण्याकडे वेगाने येणारा पखुर्ड्यांचा थवा चौकटीत धरायला हे फार उपयोगी पडतं. उजळ आकाशावरच्या काळपट गरुडाच्या कडेला जांभळी किनार जवळपास दिसत नाही. ईडी काचेचे पैसे इथे वसूल होतात.

आता वाळू. सगळ्यात जास्त नुकसान काच कोरड्या कापडाने पुसल्याने होतं, कारण वाळूतले क्वार्ट्झचे कण काचेवरचा लेप खरवडतात. क्रम असा ठेवा: दुर्बीण उलटी धरून रबरी ब्लोअरने हवा मारा, मग मऊ ब्रश अगदी हलक्या हाताने, पुन्हा ब्लोअर. त्यानंतरच मायक्रोफायबर कापडावर लेन्सचं द्रावण घेऊन मधून कडेकडे पुसा. द्रावण थेट काचेवर टाकू नका. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे थेंब बसतात आणि धूळ चिकटते. आयकपच्या (डोळ्याजवळच्या रबरी कड्याच्या) खाचेत आणि फोकसच्या चाकाच्या कडेला कण अडकतात. चाक फिरवताना करकर ऐकू आली की तिथेच थांबून ब्रश मारा. दुर्बीण खात्रीने जलरोधक असेल तर घरी हलक्या धारेखाली धुणं हा सगळ्यात चांगला उपाय. जोराच्या फवाऱ्याने मात्र नाही.

तक्रारी दोन. पहाटेच्या कडाक्यात आतलं ग्रीस घट्ट होऊन फोकसचं चाक जड फिरतं. जवळून लांबवर पटकन जाताना चुकामूक होते. दुर्बीण जॅकेटच्या आत ठेवली तर चाक मोकळं राहतं, पण शरीराच्या वाफेने काचेवर धुकं धरतं, म्हणून बाहेरच्या कप्प्यातच बरी. दुसरं म्हणजे वाळू जाऊन जाऊन उजवा आयकप सैल झाला आहे आणि चष्म्याला टेकवला की आत सरकतो. विकत घेताना आयकप प्रत्येक टप्प्यावर पक्का अडकतो का ते दाबून पाहा. चष्मा असेल तर आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसेल असं काचेपासून डोळ्याचं अंतर) १६ मिमीच्या आसपास तरी हवा.

गळ्यातला पट्टा काढून खांद्यांवरचा हार्नेस लावा. पाऊणएक किलो वजन दिवसभर मानेवर नको. संध्याकाळी गार दुर्बीण उबदार खोलीत नेण्याआधी बॅगेत बंद करा आणि ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर बाहेरून दव धरतं. नायट्रोजन फक्त आतलं धुकं थांबवतो.

डायॉप्टरची, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवायची रिंग बॅगेतून काढता-घालताना सरकते. आधी डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करा, मग उजव्या डोळ्याने रिंग जुळवा आणि त्या जागी पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्या. सकाळी निघताना तो जागेवर आहे ना, एवढं बघितलं की पुरे.