झॅम्प 7.4 वरून 8.2 ला आलो, साइट्स आणि मराठी डेटा दोन्ही शाबूत

विंडोजवर लोकल सर्व्हर म्हणून, म्हणजे स्वतःच्याच कॉम्प्युटरवर वेबसाइट चालवायला, मी झॅम्पच वापरतो (वेब सर्व्हर अपाची, पीएचपी ही भाषा आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज), आणि परवा शेवटी 7.4 वरून 8.2.12 वर आलो. हे आकडे आतल्या पीएचपीच्या व्हर्जनचेच असतात. पीएचपी 7.4 चा सपोर्ट नोव्हेंबर 2022 लाच संपला होता, तरी धीर होत नव्हता, कारण लॅपटॉपवर नऊ साइट्स आहेत आणि त्यातल्या एकीत एका शाळेचं अख्खं जनरल रजिस्टर आहे, मुलांची नावं, जन्मतारखा, सगळं मराठीत.

झॅम्पमध्ये अपडेटचं बटण नाही. नवीन व्हर्जन म्हणजे नवीन इन्स्टॉल. मला हे आवडतं, कारण जुन्याला कुणी हात लावत नाही. डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा, सर्व्हर बंद करायचा, सी ड्राइव्हवरच्या झॅम्प फोल्डरचं नाव बदलायचं आणि त्या जागी नवीन टाकायचं, काही फसलंच तर नावं परत बदलली की जुना सर्व्हर जसाच्या तसा चालू. फक्त अपाची आणि मायएसक्यूएल विंडोज सर्व्हिस म्हणून लावले असतील तर कंट्रोल पॅनलमधून ते आधी काढा.

खरा जीव डेटाबेसमध्ये असतो. पुष्कळ जण डेटा फोल्डरमधून आपल्या डेटाबेसचं तेवढंच फोल्डर उचलून नव्यात टाकतात. कृपया करू नका! इनोडीबी (डेटाबेसची टेबलं साठवायची नेहमीची पद्धत) टेबलांची मुख्य नोंद आयबीडेटा1 या वेगळ्या फाइलमध्ये असते, त्यामुळे पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेस बघायच्या पानावर डावीकडे टेबलांची नावं तर दिसतात पण उघडायला गेलं की 1932 एरर. मी एकेका डेटाबेसचा मायएसक्यूएलडंप या कमांडने वेगळा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एक टेक्स्ट फाइल, घेतला, रूटीन्सचा ऑप्शन लावून, कारण तो नसला तर स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) मागे राहतात. (बटणावर मायएसक्यूएल लिहिलंय, पण 2015 पासून आत मारियाडीबी आहे.)

आणि मराठीवाल्यांनी हे नक्की वाचा. विंडोजच्या पॉवरशेल या कमांड विंडोमध्ये बाणाचं चिन्ह (>) देऊन डंप घेतला तर फाइल यूटीएफ-16 या वेगळ्या अक्षर-एन्कोडिंगमध्ये लिहिली जाते आणि देवनागरीची वाट लागू शकते. त्यापेक्षा रिझल्ट-फाइल हा ऑप्शन द्या, कॅरेक्टर सेट यूटीएफ8एमबी4 ठेवा, आणि फाइल नोटपॅडमध्ये उघडून दोन-चार नावं डोळ्यांनी वाचा, मगच पुढे जा. मी रजिस्टरमधली नावं वाचूनच पुढचं पाऊल टाकलं.

बाकी मग एचटीडॉक्स फोल्डरमधल्या साइट्स आणि व्हर्च्युअल होस्टची फाइल (कोणत्या नावाला कोणती साइट उघडायची ते सांगणारी) नव्यात टाकली, आणि डंप कमांड लाइनवरून परत भरले. साइट्सची नावं आपल्याच कॉम्प्युटरकडे वळवणारी होस्ट्स फाइल विंडोजची असते, तिला काही होत नाही. जुनी पीएचपी.आयएनआय (पीएचपीच्या सेटिंगची फाइल) मात्र नव्यावर चढवू नका, पीएचपी 8 मध्ये जीडी2 या चित्रांवर काम करणाऱ्या एक्स्टेन्शनचं नाव नुसतं जीडी झालंय, जुनी ओळ चालत नाही आणि नव्या फाइलमध्ये ती स्वतः चालू करावी लागते. दोन जुन्या साइट्स यादीतल्या एकेका गोष्टीवरून फिरणाऱ्या ईच फंक्शनवर अडल्या, ते पीएचपी 8.0 मध्येच काढून टाकलंय, तिथे त्याच कामाचं फॉरईच लिहिलं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो डेटाबेस एका क्लिकमध्ये नव्यात नेण्याची सोय नाही म्हणून, शिकणाऱ्या पोरांना ती फार गरजेची आहे. जुनं फोल्डर मी अजून उडवलेलं नाही, शाळेचे यंदाचे दाखले नव्या सर्व्हरवरून नीट छापून निघेपर्यंत राहू दे.