खणांतील स्प्रिंगचे दुभाजक : सहा महिन्यांच्या वापरानंतर
आतील स्प्रिंगमुळे लांबी कमीजास्त होऊन खणाच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसणारे हे प्लास्टिकचे दुभाजक मी सहा महिने वापरत आहे. खिळे किंवा गोंद लागत नाही. मोजे, रुमाल आणि उभ्या घड्या घालून ठेवलेले सदरे यांच्यासाठी ते उत्तम ठरले, कारण उभ्या घडीत प्रत्येक कपडा वरून दिसतो आणि एक काढताना बाकीची चळत ढासळत नाही. मात्र खणाच्या बाजू पातळ प्लायच्या असतील, तर स्प्रिंगच्या दाबाने त्या बाहेर फुगतात व खण अडकू लागतो. माझा एक खण असाच रुसला आहे. खरेदीपूर्वी रुंदी आतून मोजावी, बाहेरून नव्हे (ही चूक मी केली). जाड स्वेटरांच्या रेट्याने दुभाजक तिरके होतात, म्हणून लोकरी कपडे मी पुन्हा फळीवरच ठेवले आहेत.