लॅपटॉप स्लो झालाय: फॉरमॅट मारावा की आधी कारण शोधावं?

आमच्या घरचा लॅपटॉप आठ महिन्यांत दोनदा फॉरमॅट झाला. तिसऱ्यांदा तो पिशवीत भरत होतो तेव्हा बायको म्हणाली, "दर वेळी पुसून आणतोस, पण त्याला झालंय काय, हे कुणी सांगितलंय का आपल्याला?" कुणीच सांगितलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली. दोन्ही रस्ते मी चालून पाहिलेत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितोय.

आधी फॉरमॅटची बाजू, कारण ती कमकुवत नाही. वेळ ठरलेला असतो: सकाळी दुकानात द्या, संध्याकाळी न्या. ब्राउझरमध्ये न विचारता घुसलेली एक्स्टेन्शन्स, एकमेकांवर पहारा करणारे दोन अँटीव्हायरस, अर्धेच उडालेले प्रोग्राम, असला कचरा एकेक करून वेचण्यापेक्षा घर रिकामं करणं सोपं. सेकंडहँड लॅपटॉप घेतला असेल तर मीही सरळ फॉरमॅटच करायला सांगेन. आधीच्या मालकानं त्यात काय भरून ठेवलंय ते शोधत बसण्यात अर्थ नाही. विंडोजच्या सेटिंगमधल्या 'रीसेट'नं फाइली ठेवूनही हे काम होतं, फक्त प्रोग्राम सगळे जातात.

हे 'फक्त' मात्र प्रत्येक घरात वेगळं असतं. बायको जीएसटीची कामं करते. फॉरमॅटनंतर तिला टॅली, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, ईएमसायनर (ऑनलाइन कागदांवर डिजिटल सही करायचा प्रोग्राम), स्कॅनर आणि जुन्या पत्रांसाठी लागणारे मराठी फाँट, एवढं सगळं पुन्हा बसवावं लागतं. दुसरा फॉरमॅट झाला ती १८ तारीख होती, आणि २० तारखेला तिच्या अशिलांचे ३बी, म्हणजे जीएसटीचे महिन्याचे रिटर्न, भरायचे होते. ते दोन दिवस आमच्या घरात फारसं कुणी बोललं नाही. तुमचं काम नुसतं ब्राउझर आणि ईमेलवर भागत असेल तर ही किंमत तुम्हाला जाणवणारही नाही, हेही मान्य.

आता कारण शोधण्याची बाजू. याला तास-दीड तास लागतो आणि हाती काही लागेलच असं नाही. पण सुरुवात अगदी घरगुती आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडा आणि लॅपटॉप रखडत असतानाच परफॉर्मन्सचं पान बघा. नंतर बघून उपयोग नाही.

डिस्क १०० टक्क्यांवर अडकली आहे, पण प्रत्यक्षात सेकंदाला एक-दोन एमबीच हलतायत आणि रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंद दाखवतोय, असं चित्र असेल आणि आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल, तर माझ्या मते कोडं तिथेच सुटलं. मिनिटाला ५४०० फेरे मारणारी डिस्क फॉरमॅटनंतरही ५४००च मारते. तिथे एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क, टाका. मेमरी (रॅम) ४ जीबी असून ती कायम काठोकाठ भरलेली असेल तर तेच: फॉरमॅटनं रॅम वाढत नाही. आणि सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, पानावरचा 'अप टाइम' जरूर वाचा; विंडोज किती वेळ सलग चालू आहे ते तो सांगतो. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवला जातो. रोज रात्री शटडाउन करणाऱ्या माझ्या भावाच्या लॅपटॉपवर तिथे २३ दिवस दिसत होते. एकदा रीस्टार्ट केला आणि त्याचा अर्धा त्रास गेला.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. डिस्क शांत, मेमरी अर्धी रिकामी, सीपीयू २०-२५ टक्क्यांवर. सगळं निवांत दिसत होतं आणि एक्सेलची फाइल उघडायला मिनिट लागत होतं. मी सीपीयूचा तो टक्क्यांचा आकडा बघून दोनदा पुढे गेलो होतो. तिसऱ्यांदा त्याच्या बाजूचा आकडा वाचला. स्पीड ०.३९ गिगाहर्ट्झ. शेजारी बेस स्पीड, म्हणजे प्रोसेसरचा ठरलेला मूळ वेग, १.६०. मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो, आकडा हलला नाही. म्हणजे सीपीयू निवांत नव्हता, त्याला बांधून ठेवलं होतं. आमच्या विंडोजमधला टास्क मॅनेजर टक्केवारी बेस स्पीडच्या हिशेबानं काढत होता, त्यामुळे चौथाई वेगावर जीव तोडून चाललेला प्रोसेसरही तिथे पंचवीसच टक्के दिसत होता.

मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली. इन्स्टॉल करावी लागत नाही, हार्ड डिस्कला हात लागत नाही. तीही तशीच रखडली. म्हणजे विंडोजचा दोष नव्हता आणि आधीचे दोन्ही फॉरमॅट मुळात चुकीच्या जागी मारले होते.

पुढचा धागा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, मिळाला. सिस्टिम लॉगमध्ये 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर'च्या नावानं ३७ क्रमांकाच्या नोंदी होत्या. त्यांचा अर्थ एवढाच, की प्रोसेसरचा वेग फर्मवेअरनं, म्हणजे विंडोजच्याही खाली लॅपटॉपमध्येच बसवलेल्या प्रोग्रामनं, दाबून धरलाय. मी तारखा आणि वेळा वहीत उतरवल्या. बहुतेक नोंदी दिवसा, बायको टेबलापाशी बसून काम करते त्या वेळच्या. रात्री मुलगा पलंगावर लॅपटॉप घेऊन बसतो, तेव्हाची एकही नाही. टेबलापाशी लॅपटॉप चार्जरला असतो, पलंगावर बॅटरीवर. मी चार्जर उपसला आणि आकडा बघता बघता २.८वर गेला. परत लावला, ०.३९.

चार्जरच्या गोल टोकाच्या आत मधोमध एक बारीक पिन असते. ती वाकून एका कडेला टेकली होती. अशा चार्जरमध्ये त्या पिनेतून लॅपटॉपला कळतं की हा चार्जर किती वॅटचा. ती ओळख पटली नाही की लॅपटॉप सावधगिरी म्हणून वेग पाडतो आणि बॅटरी भरणंही थांबवतो. पिन कधी टेकायची, कधी नाही, म्हणून बॅटरी अधूनमधून भरायची आणि आम्हाला संशय आला नाही. दुकानात तर आम्ही कधी चार्जर नेलाच नव्हता. ते त्यांचा लावायचे, लॅपटॉप पळायचा, आम्ही खूश होऊन घरी यायचो. घरी आल्यावर पुन्हा रखडला तर नव्या विंडोजचे अपडेट चालू असतील असं समजून सोडून द्यायचो. नवा चार्जर दीड हजाराला आला.

मला खरं खटकलं ते दोन फॉरमॅटचे पैसे गेले हे नव्हे. ३७ क्रमांकाच्या त्या नोंदी आधीही साठल्या असणार, आणि प्रत्येक फॉरमॅटनं त्या पुसल्या. फॉरमॅट दोष काढतो की नाही हे नशिबावर, पण दोषाचा माग मात्र हमखास काढून टाकतो. मग दोन दिवस बरं वाटतं, आणि परत त्रास सुरू झाला की आपण पहिल्या पायरीवर उभे. माझा कल ठरला तो या एका गोष्टीमुळे.

तरी एका लॅपटॉपच्या अनुभवावरून सगळ्यांना शहाणपण शिकवावं असं मला वाटत नाही. ज्यांना टास्क मॅनेजर बघूनच धडकी भरते आणि ज्यांचा सगळा डेटा गूगल ड्राइव्हवर आहे, त्यांना फॉरमॅट परवडेल. एकच प्रसंग असा, जिथे मी दोन्ही नको म्हणेन: डिस्क कटकट आवाज करत असेल, किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्राम पिवळा रंग दाखवून पेंडिंग सेक्टर (डिस्कचे नीट वाचता न येणारे तुकडे) मोजत असेल, तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा. फॉरमॅट आणि शोध दोन्ही नंतर.

बाकी कुणी विचारलं तर मी रविवारची सकाळ शोधण्यात घालवायला सांगतो. दुपारपर्यंत काही कळलं नाही तर खुशाल दुकानात न्या. फक्त जाण्याआधी इव्हेंट व्ह्यूअरमधून सिस्टिम लॉगची फाइल पेनड्राइव्हवर सेव्ह करून घ्या, आणि पिशवीत चार्जर टाका. तुमचाच, रोज लावता तो.