सुरक्षा क्लिनिक: उपदंशाची तपासणी आणि समुपदेशन
सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तरोगांची तपासणी व उपचार मोफत होतात. आमच्या शहरातील अशा केंद्रात समुपदेशकांनी उपदंशाची, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची, माहिती अजिबात संकोच न करता दिली. संसर्गानंतर साधारण ३ आठवड्यांनी येणारा व्रण बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरतो, म्हणूनच तो फसवा असतो, हे त्यांनी ठासून सांगितले. पुढे तळहात-तळपायांवर सहसा न खाजणारे चट्टे उमटतात, तेही मावळतात. जंतू मात्र शरीरातच राहतात आणि उपचार न झाल्यास काही रुग्णांत अनेक वर्षांनी हृदयाला वा मेंदूला इजा करतात. उपदंश ओळखण्यासाठीची रक्ताची व्हीडीआरएल चाचणी तिथेच झाली व जोडीदाराच्या तपासणीचाही आग्रह धरला गेला, हे योग्यच. प्रतीक्षेची बाके तेवढी उघड्या व्हरांड्यात आहेत, आणि नेमक्या याच विभागासाठी ती व्यवस्था गैरसोयीची वाटते.