अडास, सात महिन्यांनंतर: ठाणे-नवी मुंबईत काय कामाला आलं, काय बंद करून ठेवलं

आधी हिशोब. आपल्याकडे अडास (ADAS, म्हणजे कॅमेरा आणि रडारने रस्ता बघून चालकाला इशारा देणारी, वेळ पडली तर ब्रेकही लावणारी यंत्रणा) सहसा सुटं विकत मिळत नाही. 'हवंय' म्हटलं की सेल्समन टॉप मॉडेलकडे बोट दाखवतो आणि त्याबरोबर सनरूफ, गार वाऱ्याच्या सीटा, मोठी स्क्रीन, रंगीत दिवे हे सगळं गळ्यात पडतं. खालच्या व्हेरियंटशी फरक काढताना ऑन-रोड किंमत धरा. आरटीओचा कर आणि विमा वाढीव किमतीवरही लागतो, त्यामुळे शोरूमच्या कागदावर लाखाचा दिसणारा फरक हातात येईपर्यंत आणखी फुगतो. आणि सहा एअरबॅग, ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आणि टायर प्रेशरचा इशारा खालच्या व्हेरियंटमध्ये नसतील तर आधी त्यांचं बघा, अडास नंतर.

गाडी पेट्रोल ऑटोमॅटिक. पुढच्या काचेमागे कॅमेरा, पुढच्या बंपरमध्ये रडार, मागच्या दोन कोपऱ्यांत छोटी रडार. रोजचा रस्ता घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा आणि ठाणे-बेलापूर रोडने महापे. महिन्यातून दोन-तीनदा अटल सेतू किंवा पुणे एक्स्प्रेसवे. मधे अख्खा पावसाळा गेला.

सगळ्यात जास्त कामाला आलं ते जाहिरातीत शेवटी असतं ते: मागचं रडार. नेरूळ-वाशीच्या सेक्टरांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. त्यांच्यामधून रिव्हर्सने बाहेर निघताना आरशात फक्त शेजारची गाडी दिसते. आडवा येणारा स्कूटरवाला कॅमेऱ्यात दिसेपर्यंत दारात आलेला असतो. रडार त्याआधी ओरडतं. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये मात्र भरवसा ठेवू नका. दोन्ही बाजूंना खांब असले की मागचा बंपर खांबांच्या बाहेर येईपर्यंत रडारला काहीच दिसत नाही. तिथे हात-दीड हात मागे घ्यायची, थांबायचं, मग पुढचं.

ब्लाइंड स्पॉटचा दिवा (आरशात न दिसणारं बाजूचं वाहन असलं की पेटणारा) गर्दीत जवळजवळ सतत पेटलेला असतो, त्यामुळे संध्याकाळी माजिवड्याला त्याचा उपयोग शून्य. वाहतूक चाळीस-पन्नासने हलायला लागली की मात्र डावीकडून घुसणाऱ्या बाइकसाठी तो सोन्यासारखा. घेताना एक विचारून घ्या: रडारवाला आहे की कॅमेऱ्यावाला? कॅमेऱ्यावाल्यात इंडिकेटर दिला की आरशाखालचं दृश्य स्क्रीनवर येतं. चांगलं आहे, पण पावसात लेन्सवर थेंब बसले की धूसर होतं, आणि इंडिकेटर न देणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही. आपल्याकडे ही संख्या बरीच.

अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीशी अंतर राखत ठरवलेल्या वेगाने आपोआप चालवणारं) घोडबंदरवर लावून बघा, दहा मिनिटांत बंद कराल. सगळ्यात कमी अंतर ठेवलं तरी पुढे एका रिक्षाची जागा उरते, आणि ठाण्यात रिकामी जागा म्हणजे आमंत्रण. रिक्षा घुसली की गाडी ब्रेक मारते, मागचा हॉर्न मारतो, तोवर दुसरी घुसते. पूर्ण थांबल्यावर बऱ्याच गाड्यांत दोन-तीन सेकंदांनी यंत्रणा 'आता तुम्ही दाबा' म्हणते; बटण किंवा ॲक्सिलरेटर दाबल्याशिवाय पुढे जात नाही.

हेच क्रूझ अटल सेतूवर वेगळीच चीज वाटते. २१.८ किलोमीटर, मर्यादा १००, आणि बाइक, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदी. सेट करा ९५ वर. मधूनमधून वेगाचा भोंगा वाजेल, तो ८० च्या वरचा कायद्याने दिलेला इशारा; त्याचा अडासशी संबंध नाही. समृद्धी महामार्गावर भिवंडीजवळच्या आमणेहून निघणाऱ्यांना तर हे सगळ्यात उपयोगी, कारण तिथे सरळ रस्त्यावर लक्ष सुटतं ही खरी भीती.

एक्स्प्रेसवेवर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, बोरघाट. तीव्र वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्यातून बाजूला सरकते. यंत्रणेला वाटतं रस्ता मोकळा झाला, आणि ती सेट केलेल्या वेगाकडे धावते. घाट सुरू होण्याआधी क्रूझ बंद, उतारावर खालचा गिअर. दुसरी, उभी वाहनं. रडारला रस्त्याकडेचे खांब, कठडे, पाट्या अशा हजार स्थिर वस्तू दिसतात. प्रत्येकीला ब्रेक मारायचा तर गाडी चालणारच नाही, म्हणून स्थिर वस्तूंना ती कमी महत्त्व देते. त्यामुळे लेनमध्ये बिघडून उभा असलेला ट्रक शंभरच्या वेगात उशिरा ओळखला जाऊ शकतो, किंवा ओळखलाच जात नाही. कळंबोली आणि उरणकडच्या रस्त्यांवरचे रिकामे कंटेनर ट्रेलर हा आणखी एक प्रकार. मागे नुसता उंच सांगाडा असतो, आणि रडारला त्याचं अंतर कधीकधी नीट मोजता येत नाही. मागे लोंबणाऱ्या लोखंडी सळयांचंही तसंच: मोजलं जातं ट्रकचं शरीर, सळयांची टोकं नाही. अशा वाहनामागे ब्रेक पायानेच.

आपोआप लागणारा ब्रेक हा खरा विमा. तो बंद करू नका. शहरात इशाऱ्याची वेळ 'उशिरा' वर ठेवा, कटकट बरीच कमी होते. तरी खोटे इशारे येतातच: मेट्रोच्या कामाच्या बॅरिकेडमुळे रस्ता अचानक वळतो तिथे, रिक्षा नाकासमोर तिरकी येते तेव्हा. बहुतेक वेळा नुसती लाल अक्षरं आणि आवाज, क्वचित हलका धक्का. अशा वेळी गाडी तुमचं ऐकते. स्टिअरिंग ठाम वळवलं किंवा ॲक्सिलरेटर जोरात दाबला की 'चालक जागा आहे' असं समजून ती माघार घेते.

लेन असिस्टसाठी (पट्टे बघून गाडी लेनमध्ये ठेवायला स्टिअरिंग ओढणारी सोय) एक रुपयाही मोजू नका. बऱ्याच गाड्यांत ते साठ-पासष्टच्या वर जागं होतं. पाम बीच रोडची मर्यादाच ६०, म्हणजे नवी मुंबईतल्या सगळ्यात छान आखलेल्या रस्त्यावर ते झोपलेलं. उरलेल्या रस्त्यांवर पट्टे पुसलेले, किंवा जुने आणि नवे दोन्ही दिसणारे. पावसात काँक्रीटच्या भेगांमध्ये भरलेलं डांबर चमकतं आणि कॅमेरा त्यालाच पट्टा समजतो. स्टिअरिंग हलकेच ओढलं जातं, तेही खड्डा चुकवत असताना. बंद करून ठेवा, आणि गाडी सुरू करताना पुन्हा आपोआप चालू होतंय का ते बघा.

आता देखभाल. ही कोणी सांगत नाही. दसऱ्याला बंपरवर झेंडूचा जाड हार घातला की डॅशबोर्डवर रडार अडल्याचा संदेश येतो आणि क्रूझ बंद. बिघाड नाही, ओली फुलं आणि दोऱ्याचा गठ्ठा बरोबर रडारच्या तोंडावर येतो. हार बोनेटवर घ्या, लिंबू-मिरची नंबर प्लेटच्या एका बाजूला बांधा. बंपरला लोखंडी गार्ड तर अजिबात नको. फास्टॅग आणि डॅशकॅम कॅमेऱ्याच्या चौकोनापासून लांब चिकटवा. डॅशबोर्डवरच्या गणपतीखालचं चकचकीत कापडही दुपारी काचेत उमटतं, तिथे काळं किंवा गडद मखमली बरं. वायपर जूनच्या आधी बदला. त्याच्या रबराने सोडलेली रेघ कॅमेऱ्यासमोर आली की मुसळधार पावसात सगळी यंत्रणा 'उपलब्ध नाही' म्हणते. काच आतून धुरकटली तरी तेच होतं, डिफॉगर लावा.

काच फुटली तर खरा खर्च कळतो. काचेवर क्लेममध्ये घसारा कापला जात नाही, पण नवी काच बसल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याचा नेम पुन्हा जुळवणं) करावं लागतं: समोर ठरावीक अंतरावर फलक ठेवून, किंवा यंत्र जोडून रस्त्यावर चालवून, कंपनीप्रमाणे. हे अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला आधीच दाखवा, नाहीतर ते खिशातून जातं. बाहेरच्या दुकानात काच स्वस्त मिळते, पण कॅमेरा एक अंशाने जरी हलला तरी शंभर मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो. म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी तुमच्या लेनमध्ये. बंपर रंगवतानाही रडारसमोर पुट्टीचा जाड थर नको.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमभोवतीची चक्कर नाकारा. ठाणे-बेलापूर रोडवर दुपारी न्या. क्रूझ शून्यापर्यंत थांबवतं का, मॅन्युअल गिअरच्या मॉडेलमध्ये ते आहे का, सेटिंग गाडी बंद केल्यावर टिकतं का, हे तिथेच तपासा. ठाणे-नवी मुंबईतच फिरणार असाल तर मधलं व्हेरियंट, सहा एअरबॅग आणि चांगला मागचा कॅमेरा घेऊन उरलेले पैसे टायरवर खर्च करा. महिन्यातून दोनदा तरी सेतू, समृद्धी किंवा पुणे होत असेल, आणि वरच्या व्हेरियंटमध्ये मागचं रडारही मिळत असेल, तरच वर जा. नुसता पुढचा कॅमेरा देऊन 'अडास' म्हणणारी गाडी असेल तर त्या व्हेरियंटसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.